गाडी आपल्या गावात थांबली पाहिजे

शहापूर,
10 फेब्रुवारी

चि. बाळू यास,


परवा मुरबाडला सगळे जमलो होतो, तेव्हा रेल्वेचा विषय निघाला आणि तू म्हणालास, "आत्या, समृद्धी महामार्ग झाला, दारात चारचाकी आली, आता रेल्वे कशाला? जमीन जाईल, बाहेरची गर्दी येईल आणि गाडी आपल्या डोक्यावरून धडधडत निघून जाईल." पंगत मांडायची घाई होती, म्हणून मी तेव्हा विषय वाढवला नाही. पण तू आता ग्रामपंचायतीचा सदस्य आहेस, तुझ्या शब्दाला वजन आहे. शिवाय असा विचार करणारा तू एकटाच नाहीस, आपल्या दोन्ही तालुक्यांत असे पुष्कळ जण आहेत. म्हणून सविस्तर लिहिते आहे. हे पत्र चार जणांना वाचून दाखवलंस तरी मला चालेल.

आजची तारीख बघ. 10 फेब्रुवारी 1803 ला मुरबाडला जगन्नाथ शंकरशेट मुरकुटे यांचा जन्म झाला. आपण त्यांना नाना शंकरशेट म्हणतो. मुंबईत रेल्वे यावी म्हणून 1845 पासून ज्या मंडळींनी खटपट केली, त्यांत सर जमशेटजी जीजीभॉय यांच्या बरोबरीने नाना होते. ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेच्या उभारणीत त्यांचा मोठा हात होता. 16 एप्रिल 1853 ला बोरीबंदरहून ठाण्याला पहिली गाडी सुटली, चौदा डब्यांची. अंतर होतं 34 किलोमीटर. पुढच्याच वर्षी गाडी कल्याणला आली.

कल्याणहून मुरबाडचा नियोजित रेल्वेमार्ग किती लांबीचा आहे? उल्हासनगरमार्गे सुमारे 28 किलोमीटर. देशातल्या पहिल्या रेल्वेप्रवासापेक्षाही कमी. त्या 28 किलोमीटरसाठी मुरबाड पावणेदोनशे वर्षांच्या आसपास थांबून आहे. ज्या माणसानं रेल्वे आणली, त्याच्या जन्मगावाच्या तालुक्यात आजही रेल्वेचं एक स्टेशन नाही. सर्वेक्षणं झाली, मंजुरीच्या बातम्या आल्या, निवडणुकांच्या सभांत आश्वासनं झाली. पण आपल्या पोरांना कल्याणला जायचं तर अजूनही एसटीची वाट बघावी लागते, आणि पावसाळ्यात रायत्याच्या पुलाला उल्हास नदीचं पाणी लागलं की घरीच बसावं लागतं.

मुरबाड पहिल्यापासूनच आडवळणाचं होतं, असं मात्र कुणी म्हणू नये. जुन्नरहून नाणेघाट उतरून वैशाखऱ्यावरून मुरबाड आणि पुढे कल्याणच्या बंदराला जाणारी वाट सातवाहनांच्या काळातली आहे. नाणेघाटातल्या लेण्यातला नागनिकेचा शिलालेख आणि वरच्या बाजूचा तो दगडी रांजण तू लहानपणी सहलीत पाहिला आहेस. त्या रांजणात जकात गोळा करत, असं पूर्वापार सांगतात. दोन हजार वर्षांपूर्वी देशावरचा माल कोकणात उतरायचा तो आपल्या शिवारातून. मग इंग्रजी अमदानीत रेल्वेनं बोरघाट आणि थळ घाट निवडले आणि नाणेघाट-माळशेजकडची वाट मागे पडली. कर्जत, लोणावळा, इगतपुरी, मनमाड, भुसावळ ही गावं रेल्वेनं मोठी केली. आपल्या वाट्याला ते आलं नाही, कारण रूळ दुसरीकडून गेले. वाहतुकीची वाट जिकडे वळते तिकडे बाजार, दवाखाना, कॉलेज आणि रोजगार वळतो. म्हणून रेल्वे कुठून न्यायची आणि ती कुठे थांबवायची, हे ठरत असताना आपण गप्प बसायचं नाही.

आता माझ्या शहापूरकडे ये. आम्हाला रेल्वे आहे, आणि ती फार जुनी आहे. 1855 ला वासिंद, 1860 ला आसनगाव, 1861 ला कसारा, आणि 1 जानेवारी 1865 ला थळ घाट चढून गाडी इगतपुरीला पोचली. त्याच वर्षीच्या जुलैत नाना गेले. म्हणजे घाट चढलेली गाडी त्यांच्या हयातीतली आहे. आणि बाळू, त्यांच्या वेळचाच तो घाट अजून आपल्याला अडवून धरतो आहे.

कसारा ते इगतपुरी चढ सदतिसास एक आहे. सदतीस मीटर पुढे गेलं की एक मीटर वर. एवढ्या चढाला एका इंजिनाचा जोर पुरत नाही, म्हणून कसाऱ्याला गाडीच्या मागे जादा इंजिनं लावतात, बँकर म्हणतात त्यांना. तू कधी कसाऱ्याच्या फलाटाच्या टोकाला उभा राहून बघ. लांबलचक एक्सप्रेस थांबलेली असते. मागून बँकर हळूहळू सरकत येतात, शेवटच्या डब्याला टेकतात, धक्का पार पुढच्या डब्यापर्यंत जातो आणि झोपलेले प्रवासी खिडकीतून मान काढतात. रेल्वेचा माणूस खाली वाकून जोडणी तपासतो, ब्रेकची नळी लावतो, हात वर करतो. मग गाडी घाट चढायला लागते. घाटमाथ्याला इगतपुरीत ते बँकर सोडवायचे आणि पुन्हा खाली आणायचे. दिवसभर, रात्रभर हेच चालू असतं. या लोकांच्या कामाबद्दल मला नितांत आदर आहे. पण प्रत्येक गाडीमागे जाणारी ती मिनिटं आणि ती जादा इंजिनं म्हणजे दीडशे वर्षांपूर्वीच्या आखणीची किंमत आहे, आणि ती आपण रोज भरतो. नवा मार्ग बोगद्यांतून लांबवून चढ शंभरास एक इतका सौम्य केला, तर बँकरची गरजच उरत नाही.

घाटाच्या अलीकडची गोष्ट तर रोजच्या जगण्याची आहे. कल्याणपासून कसाऱ्यापर्यंतच्या 67 किलोमीटरमध्ये जायला एक आणि यायला एक, असे दोनच रूळ. त्यांवरूनच आपली लोकल जाते, नाशिक-मनमाडकडच्या एक्सप्रेस जातात, उत्तरेकडच्या मेल जातात आणि मालगाड्याही जातात. एखादी मालगाडी घाटाच्या पायथ्याशी अडकली की तिच्यामागे सगळी रांग लागते. मेल उशिरा आली की लोकल बाजूला काढून तिला आधी सोडतात.

आसनगावला सकाळच्या गाडीला मालडब्यात भेंडीच्या आणि काकडीच्या पाट्या चढवणाऱ्या बायका मी वर्षानुवर्षं पाहिल्या आहेत. रात्री तोडलेली भेंडी ओल्या फडक्याखाली झाकलेली असते. किन्हवली, डोळखांबकडून जीपनं आलेल्या असतात त्या. पाटी डोक्यावर, पिशवी काखेत, तिकीट तोंडात धरलेलं. गाडी मिनिटभर थांबते, तेवढ्यात एकीनं वर चढायचं, दुसरीनं खालून पाट्या द्यायच्या आणि शेवटी तिनंही चढायचं. गाडी वीस मिनिटं उशिरा कल्याणला पोचली की बाजार हातचा गेलेला असतो, व्यापारी भाव पाडून मागतो. त्या वीस मिनिटांची नुकसानी कुठल्याच अहवालात लिहिलेली नसते. परीक्षेला निघालेल्या मुलांचं आणि हजेरीच्या कामावर जाणाऱ्या माणसाचंही तेच.

तू म्हणशील, मग हे सगळं लोकलचं झालं, लांब पल्ल्याच्या आधुनिक गाड्यांचा इथे काय संबंध? बाळू, हाच सगळ्यात महत्त्वाचा मुद्दा आहे. एकाच अरुंद पाणंदीतून बैलगाडी, शाळेची पोरं आणि उसाचे ट्रक न्यायचे म्हटलं तर सगळेच अडतात आणि धोका सगळ्यांनाच असतो. लांबच्या गाड्यांना स्वतंत्र रूळ मिळाले की जुने रूळ लोकलसाठी आणि मालासाठी मोकळे होतात. जपाननं नेमका हाच विचार केला होता. टोकियो-ओसाका जुना मार्ग गाड्यांनी तुंबला, तेव्हा त्यांनी 515 किलोमीटरचा पूर्ण वेगळा मार्ग बांधला आणि 1 ऑक्टोबर 1964 ला शिंकान्सेन सुरू केली. जग तिचा वेग बघत राहिलं. पण जुन्या मार्गावरच्या गावांना त्याच कामातून जास्त गाड्या मिळाल्या, हे आपल्यासाठी अधिक मोलाचं आहे. आणि गाड्यांची टक्कर होऊन किंवा गाडी घसरून शिंकान्सेनमधला एकही प्रवासी इतक्या वर्षांत दगावलेला नाही. सुरक्षिततेवर खर्च केला की ती मिळते.

आपल्याकडे मात्र आधी गाडी नवी येते, रूळ मागे राहतात. 10 फेब्रुवारी 2023 ला, नानांच्या जयंतीलाच, मुंबई-शिर्डी वंदे भारत सुरू झाली. ती थळ घाट बँकर न लावता चढते, कारण तिची ताकद एका इंजिनात नसून डब्याडब्यांत वाटलेली आहे. मला त्याचं मनापासून कौतुक आहे. आपल्याच देशात बांधलेली गाडी आहे ती. पण मुंबईहून शिर्डीच्या सुमारे 340 किलोमीटरला तिला पाच तासांहून जास्त लागतात. ताशी 160 किलोमीटर धावू शकणारी गाडी सरासरी साठ-पासष्टनं जाते, कारण पुढे मालगाडी आहे, घाट आहे, वळणं आहेत आणि रूळ तेच आहेत. शिवाय आसनगाव, कसारा ही नावं तिच्या थांब्यांत नाहीत. म्हणून मी म्हणते, पैसा आधी रुळांत, घाटात, सिग्नलांत आणि स्टेशनांत घाला. चांगली गाडी त्यावर आपोआप चांगली धावेल.

आता समृद्धीबद्दल. 701 किलोमीटरचा हा महामार्ग 5 जून 2025 ला आमणेपर्यंत पूर्ण झाला. शहापुरातून जातो, खुटघरला चढ-उतार आहे. नागपूर जवळ आलं, हे मी नाकारत नाही. पण त्या रस्त्यावर दुचाकीला बंदी आहे. आपल्या दोन्ही तालुक्यांत घरटी चारचाकी आहे का? बहुतेकांकडे मोटारसायकल आहे, नाहीतर एसटी. म्हणजे जमीन सगळ्यांची गेली, पण रस्ता वापरायचा तर स्वतःची मोटार हवी. रेल्वेला तशी अट नाही. पास काढला की मजूर बसतो, कॉलेजची पोरगी बसते, म्हातारा बसतो. सोळा डब्यांच्या वंदे भारतमध्ये 1,128 जणांची बसायची सोय असते. तेवढी माणसं चौघे चौघे करून मोटारींत घातली तर 282 मोटारी लागतील. त्यांचं डिझेल, त्यांचा धूर, त्यांचा टोल आणि ठाण्याच्या वेशीवरची कोंडी, हा सगळा हिशेब तूच मांड.

जमिनीचा तुझा मुद्दा मी हलक्यानं घेत नाही. समृद्धीचा पट्टा 120 मीटर रुंद आहे. अतिवेगवान रेल्वेच्या दोन रुळांना सुमारे साडेसतरा मीटरचा पट्टा पुरतो. जमीन वाचवायची असेल, तर रस्त्यावर रस्ता वाढवण्यापेक्षा रेल्वे बांधणं शेतकऱ्याच्या हिताचं आहे. मुंबई-नागपूर अतिवेगवान रेल्वेचा जो आराखडा तयार झाला, तो बराचसा समृद्धीच्या कडेनंच आखलेला आहे, म्हणजे नव्यानं शिवारं कापायची वेळ कमी येते. आणि त्या आराखड्यातल्या स्टेशनांच्या यादीत ठाण्यानंतर शहापूरचं नाव आहे. अजून ते कागदावर आहे. कागदावरचं नाव पुसायला वेळ लागत नाही, म्हणून ते टिकवण्यासाठी आवाज आपणच केला पाहिजे.

आपल्या भागानं आजवर काय काय दिलं, ते मला तुला सांगायला नको. 1892 पासून तानसा धरणाचं पाणी मुंबईला जातं. मुंबईच्या रोजच्या पाण्यातला जवळपास निम्मा वाटा एकट्या भातसाचा आहे. आणि उन्हाळ्यात शहापूरच्या पाड्यांवर बाया टँकरची वाट बघत हंडे घेऊन उभ्या असतात. समृद्धीच्या कामात सरळांब्याला 1 ऑगस्ट 2023 च्या पहाटेच्या सुमारास गर्डर बसवायचं यंत्र कोसळलं आणि वीस जणांचे जीव गेले, परमुलखातून पोटासाठी आलेल्या कामगारांचे. विकासाच्या नावावर आपण पाणी दिलं, जमीन दिली आणि मरणंही पाहिली. त्यामुळे तुझ्या मनात शंका आली, यात तुझं काही चुकलं असं मी म्हणणार नाही. पण या अनुभवातून मी घेतलेला धडा वेगळा आहे. पाणी देताना आपण अटी घातल्या नाहीत, म्हणून हंडे रिकामे राहिले. या वेळी अटी घालून मागायचं.

अटी घालायचा अधिकार कायद्यानं आपल्याला दिला आहे. शहापूर तालुका पूर्ण आणि मुरबाडचा काही भाग अनुसूचित क्षेत्रात येतो. तिथे पेसा कायद्यानुसार जमीन घेण्याआधी ग्रामसभेशी सल्लामसलत करावी लागते. 2013 च्या भूसंपादन कायद्यात मोबदल्याबरोबर पुनर्वसनाचीही तरतूद आहे. ठाकूर, कातकरी, महादेव कोळी यांच्या ताब्यातल्या जमिनींचे कागद बऱ्याच ठिकाणी अपुरे असतात. कागद नाही म्हणून मोबदला नाही, असं कुणाच्याही बाबतीत होऊ द्यायचं नाही. हे काम तुझ्यासारख्या शिकलेल्या सदस्यानं अंगावर घेतलं पाहिजे.

गर्दीचं म्हणशील, तर ती रेल्वे येईपर्यंत थांबलेली नाही. वासिंदपासून आसनगावपर्यंत इमारती उभ्या राहिल्या, मुरबाडच्या रस्त्यानंही त्या सरकत येत आहेत. माणसं आली, पण गाड्या वाढल्या नाहीत. रेल्वे अडवून गर्दी अडत नाही, फक्त आलेल्यांचे आणि आपलेही हाल वाढतात. उलट वेगवान, वक्तशीर गाडी असली तर आपल्या मुलांना गाव सोडावं लागणार नाही. दिल्ली-मेरठ मार्गाचा पहिला 17 किलोमीटरचा टप्पा ऑक्टोबर 2023 ला सुरू झाला. तिथली नमो भारत गाडी ताशी 160 किलोमीटरपर्यंत धावते आणि वाटेतल्या गावांनाही थांबते. कल्याण-आसनगाव-इगतपुरी-नाशिक अशी गाडी कल्पून बघ. आज इथून नाशिकला जायचं तर कसाऱ्यापर्यंत लोकल, मग खच्चून भरलेल्या काळ्यापिवळ्या जीपमधून घाट. मुलीला नाशिकच्या कॉलेजात घालायचं तर होस्टेलचा खर्च. तुझी लेक सातवीत आहे. ती बारावीला पोचेल तेव्हा तिनं सकाळी घरून निघून संध्याकाळी घरी यावं, एवढीच माझी मागणी आहे.

पैसा कुठून आणायचा, हा प्रश्न रास्त आहे. मुंबई-अहमदाबाद बुलेट ट्रेनचा मूळ अंदाजच 1 लाख 8 हजार कोटींचा होता. समृद्धीवर 55 हजार कोटींहून अधिक खर्च झाले. एवढा पैसा उभा करायची ताकद या देशात आणि राज्यात आहे, म्हणजे प्रश्न क्रम लावण्याचा आहे. कोकण रेल्वे आठव. मधू दंडवते आणि जॉर्ज फर्नांडिस यांनी मनावर घेतलं, 1990 साली महामंडळ स्थापन झालं, रोखे काढून लोकांकडून पैसा उभा केला, ई. श्रीधरन यांनी काम हाताखालून घातलं आणि 1998 च्या 26 जानेवारीला सह्याद्रीच्या कुशीतून सुमारे 740 किलोमीटरचा मार्ग देशाला मिळाला. दऱ्या होत्या, पाऊस होता, दरडी होत्या. आठ वर्षांत ते झालं. आणि आपल्या कल्याण-कसारा तिसऱ्या मार्गिकेचं काम दशकाहून अधिक काळ चालू आहे. डोंगर तेच आहेत, इंजिनीअरही आपलेच आहेत. तिथे मागणी करणारी माणसं संसदेपर्यंत गेली आणि काम संपेपर्यंत मागे हटली नाहीत. आपल्याकडे कमतरता आहे ती अशा माणसांची.

म्हणून माझा क्रम असा आहे. कल्याण-कसारा तिसरी मार्गिका ठरल्या तारखेला पूर्ण व्हावी आणि चौथीला हात लागावा. कल्याण-मुरबाड मार्गाचं काम जमिनीवर दिसावं, आणि तो पुढे माळशेजमार्गे अहिल्यानगरला जोडता येईल अशा बेतानं मुरबाडचं स्टेशन बांधावं, म्हणजे ते कायमचं शेवटचं स्टेशन राहणार नाही. थळ घाटात सौम्य चढाचा नवा मार्ग व्हावा. आणि मुंबई-नागपूर मार्ग होईल तेव्हा शहापूरचं स्टेशन त्यात राहावं, त्याला किन्हवली, सरळगाव, मुरबाडहून वेळेवर एसटी जोडलेली असावी, आणि साध्या माणसाला परवडेल असं तिकीट असलेल्या गाड्याही तिथे थांबाव्यात. ज्यांची जमीन जाईल त्यांच्या मुलांना कामाचं प्रशिक्षण आणि नोकरीत प्राधान्य मिळावं. बांधकामावरच्या प्रत्येक मजुराच्या सुरक्षिततेची जबाबदारी कोणाची, हे कंत्राटात नाव घालून लिहिलेलं असावं. स्टेशनावर भाजीच्या पाट्या चढवायला उतार असलेला फलाट आणि माल ठेवायला थंड खोली असावी. ही शेवटची मागणी कुणाला बारीक वाटेल, पण त्या बायकांच्या दृष्टीनं तीच पहिली आहे.

1 मे ला ग्रामसभा आहे. तोपर्यंत हे सगळं ठरावाच्या भाषेत लिहून मी तुला पाठवते. तू तो मांड, आणि मांडण्याआधी पाड्यांवर जाऊन लोकांशी बोल. त्यांच्या अटी असतील त्या यात घाल, माझी एखादी त्यांना पटली नाही तर काढून टाक. शहापूरकडच्या चार-पाच ग्रामपंचायतींशी मी बोलायला सुरुवात केली आहे. दोन्ही तालुक्यांचे ठराव एकाच महिन्यात, एकाच मागणीचे गेले, तर ते बाजूला सारणं वरच्यांना सोपं जाणार नाही. तुझा विरोध असेल तर तोही ग्रामसभेत उभा राहून मांड, मी ऐकायला येईन. पण "आपल्याला काय त्याचं" म्हणून घरी बसू नकोस.

वहिनींना नमस्कार, छोकरीला गोड पापा. पत्राचं उत्तर लिही, फोनवर नको.

तुझी,
आत्या